जुना अ‍ॅम्प, फोनमधली गाणी आणि मधला डबा: स्ट्रीमर निवडायचा कसा

घरात बरा अ‍ॅम्प आहे, स्पीकर आहेत, सीडी प्लेयर आहे पण तो कधीचा धूळ खातोय, आणि ऐकायची गाणी मात्र सगळी फोनवर. अशा वेळी फोन आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जो डबा लागतो तो म्हणजे स्ट्रीमर. काम तसं साधं, वायफायवरून किंवा लॅनच्या वायरवरून गाणं उचलायचं, त्याचा सिग्नल करायचा आणि अ‍ॅम्पच्या मागच्या सॉकेटात द्यायचा. पण विकत घ्यायला बसलं की डोकं भणभणतं, कारण प्रत्येक डब्याच्या जाहिरातीत बिट, किलोहर्ट्झ, डॅक, कोडेक असल्या शब्दांची नुसती खोगीरभरती असते आणि आपल्याला नक्की काय लागतं ते कोणी सांगतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्ट्रीमर घेताना माणूस हार्डवेअर थोडं आणि सॉफ्टवेअर जास्त विकत घेत असतो. आवाजाचं काम आजकाल साध्या डब्यातही नीट होतं, घोडं अडतं ते अ‍ॅपपाशी, म्हणजे तुमचं आवडतं अ‍ॅप त्या डब्याशी धड बोलत नाही, किंवा आज बोलतं आणि तीन वर्षांनी बंद पडतं. म्हणून बघायचा क्रम असा ठेवा: आधी तुमचं अ‍ॅप, मग अ‍ॅम्पची पाठ, मग कंपनी किती वर्षं अपडेट देते ते, आणि चिपबिप सगळ्यात शेवटी. जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने लिहिलेल्या असतात.

पायरी १: मुळात नवा डबा लागतोय का?

हे आधी बघा, पैसे वाचतील. तुमच्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर असेल आणि त्याच्या मागे लॅनचं सॉकेट असेल तर बऱ्याचदा आतच स्ट्रीमर असतो, फक्त कोणी कधी वायफायला जोडलेला नसतो. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क असा मेनू शोधा. स्मार्ट टीव्हीवरही गाण्यांची अ‍ॅप चालतात आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून आवाज अ‍ॅम्पला देता येतो, अडचण एवढीच की गाणं ऐकायला दरवेळी टीव्ही लावावा लागतो, आणि ते दोन दिवसांत नकोसं होतं. आणि महिन्यातून एकदा पाहुणे आले की गाणी लावायची एवढाच वापर असेल तर साधा ब्लूटूथ रिसीव्हर पुरतो, पुढचं वाचायचीही गरज नाही.

पायरी २: ब्लूटूथ आणि वायफाय यातला खरा फरक समजून घ्या

लोक सांगतात ब्लूटूथचा आवाज वाईट. अर्धवट खरं आहे. ब्लूटूथवर गाणं जातं ते दाबून, काटछाट करून जातं. एसबीसी हा प्रत्येक ब्लूटूथ ऑडिओ उपकरणात असावाच लागतो असा कोडेक (गाणं दाबायची पद्धत) साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, एलडॅक हा दुसरा कोडेक ९९० पर्यंत, आणि सीडीचा मूळ डेटा असतो १४११ केबीपीएस. म्हणजे कागदावर फरक मोठा, पण दिवाणखान्यात गप्पा चालू असताना एलडॅक आणि सीडी ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ब्लूटूथचा खरा ताप वेगळाच. गाणं रंगात आलंय आणि कोणाचा फोन आला, गाणं बंद. मेसेज आला, स्पीकरमधून टुंग. तुम्ही फोन खिशात घालून आंघोळीला गेलात, दोन भिंती मध्ये आल्या, गाणं तुटायला लागलं. कारण ब्लूटूथमध्ये सगळं ओझं फोनवर असतं, फोनच गाणं उतरवून घेतो, फोनच पाठवतो.

वायफायवर दोन प्रकार आहेत आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून वाचा. पहिल्या प्रकारात फोनच गाणं ढकलत असतो, फक्त ब्लूटूथऐवजी वायफायवरून. आयफोनवरून साध्या स्ट्रीमरला एअरप्ले (वायफायवरून आवाज पाठवायची आयफोनची सोय) केलं की सहसा हेच होतं. आवाज चांगला जातो, रेंज घरभर मिळते, पण फोन घराबाहेर गेला की गाणं थांबलं. दुसऱ्या प्रकारात फोन फक्त सांगतो की अमुक गाणं लाव, आणि डबा स्वतः इंटरनेटवर जाऊन ते आणतो. स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट, गुगल कास्ट ही मंडळी या प्रकारातली. इथे फोन म्हणजे निव्वळ रिमोट, फोनची बॅटरी खपत नाही, कॉल आला तरी गाणं चालू.

ओळखायची सोपी चाचणी आहे, मित्राकडे स्ट्रीमर असेल तर त्याच्या घरी करून बघा. गाणं लावा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग फोन फ्लाइट मोडवर टाका. गाणं तसंच पुढे चालत राहिलं तर डबा स्वतः ओढतोय. चार-पाच सेकंदांत गप्प झालं तर फोन ढकलत होता. रोज दोन-चार तास गाणी लावणाऱ्याने दुसऱ्याच प्रकाराचा हट्ट धरावा असं मला वाटतं, एकदा सवय झाली की ब्लूटूथवर परत जाववत नाही.

पायरी ३: कागद घ्या आणि अ‍ॅपची नावं लिहा

खरंच लिहा. तुम्ही कुठलं अ‍ॅप वापरता, घरातले बाकीचे कुठलं वापरतात, कोणाकडे आयफोन आणि कोणाकडे अँड्रॉइड. निम्मी निवड इथेच होते.

स्पॉटिफाय असेल तर मजा आहे, स्पॉटिफाय कनेक्ट बहुतेक सगळ्या स्ट्रीमरमध्ये असतं आणि ते चालतंही छान. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस, म्हणजे काटछाट न केलेलं गाणं, आणलं, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, पण प्रत्येक जुन्या डब्याला ते मिळेलच असं नाही, मॉडेलचं नाव टाकून शोधून घ्या.

यूट्यूब म्युझिकवाल्यांनी मात्र सावध. त्यांच्यासाठी मुख्य रस्ता गुगल कास्ट, आणि कास्ट सगळ्या डब्यांत नसतं. खोक्यावर कास्टचं नाव स्पष्ट दिसलं नाही तर तुम्ही शेवटी ब्लूटूथवरच येऊन पडाल, मग एवढा खर्च कशाला केला.

अ‍ॅपल म्युझिक आणि आयफोन ही जोडी असेल तर एअरप्ले २ बघा. अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपल म्युझिकला कास्ट करता येतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, अ‍ॅपलने २०२१ मध्ये लॉसलेस दिलं, वरची पायरी २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाते, पण ते वरचे हाय-रेझ आकडे एअरप्लेवरून डब्यापर्यंत पोचत नाहीत. पोचलेच पाहिजेत असा हट्ट असेल तर फोनला किंवा कॉम्प्युटरला वायरने डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा) जोडणं हा सरळ मार्ग. मी म्हणेन सोडा तो नाद, का ते पाचव्या पायरीत सांगतो.

टायडल असेल तर टायडल कनेक्ट. कोबुझचं स्वतःचं कनेक्ट २०२५ मध्ये आलं, त्याआधी स्ट्रीमर कंपनीच्या अ‍ॅपमधूनच कोबुझ ऐकावं लागायचं, त्यामुळे जुना डबा सेकंडहँड घेत असाल तर त्याला हे नवं अपडेट मिळालंय का ते विकणाऱ्याकडून चालू करून दाखवून घ्या. अ‍ॅमेझॉन म्युझिकचं प्रत्येक डब्यावर वेगळं असतं, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि छोट्या किंवा एखाद्याच भाषेपुरत्या सेवा असतील तर त्यांचं नाव स्ट्रीमरच्या यादीत बहुतेक नसतंच, तिथे एअरप्ले, कास्ट नाहीतर ब्लूटूथ एवढेच पर्याय उरतात.

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सेवा आहे आणि कनेक्ट आहे या दोन गोष्टी एकच समजू नका. खोक्यावर सेवेचा लोगो असतो, आपण खूष होतो, आणि घरी आल्यावर कळतं की गाणं शोधायला कंपनीचं अ‍ॅप उघडावं लागतं, ज्यात प्लेलिस्ट अर्धवट दिसतात, सर्च हळू, आणि तुमच्या ओळखीच्या अ‍ॅपमधलं काहीच नाही. कनेक्ट असेल तर तुम्ही रोजच्याच अ‍ॅपमध्ये राहता, फक्त कुठे वाजवायचं ते निवडता. रोजच्या वापरात हा फरक डॅकच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा.

काहींकडे स्वतःचा फाइलींचा साठा असतो, सीडी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या, फ्लॅक या लॉसलेस फॉरमॅटमध्ये. त्यांनी बघायचं की डबा यूपीएनपी किंवा डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून फाइली वाजवायच्या पद्धती) वाचतो का, घरच्या नेटवर्क ड्राइव्हवरून थेट फोल्डर उघडतो का, यूएसबी डिस्क लावता येते का आणि ती कुठल्या फॉरमॅटची चालते. साठा मोठा असेल, गायक-संगीतकार-अल्बम असं सगळं नीट लावलेलं असेल तर रून हे सॉफ्टवेअर बघा, सुंदर आहे पण पैसे मोजावे लागतात आणि घरात त्याचा सर्व्हर म्हणून एक मशीन चालू ठेवावं लागतं. फुकटात हवं असेल तर लिरिऑन म्युझिक सर्व्हर.

आणि घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर एअरप्ले आणि कास्ट दोन्ही असलेला डबा घ्या, नाहीतर अर्ध्या घराला तो वापरताच येणार नाही. महाग मॉडेलमध्ये सगळं असणारच असं धरून चालू नका. वीम कंपनीचा अल्ट्रा हा वरचा डबा २०२४ मध्ये आला तो एअरप्लेशिवाय, आणि त्याच कंपनीच्या खालच्या प्रो मॉडेलमध्ये एअरप्ले २ होतं. यादी वाचायची, किंमत बघून अंदाज बांधायचा नाही.

पायरी ४: अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारा

अ‍ॅम्प पुढे ओढा, फोनचा टॉर्च लावा आणि मागचा फोटो काढून ठेवा, खरेदी करताना तो फोटो समोर असला की निम्मे प्रश्न सुटतात.

लाल-पांढऱ्या गोल सॉकेटांच्या जोड्या दिसतील, वर ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप इन असं काहीतरी लिहिलेलं. यातली कुठलीही रिकामी जोडी चालते, ऑक्स असो की ट्यूनर, आतून सारख्याच. फक्त फोनो लिहिलेल्या जोडीत घालू नका. ती तबकडीच्या रेकॉर्ड प्लेयरसाठी असते, तिथला सिग्नल इतका बारीक असतो की अ‍ॅम्प तो साधारण १०० पट वाढवतो आणि वर खर्ज-टीपही बदलतो. स्ट्रीमरचा दणकट सिग्नल तिथे दिलात तर आवाज फाटका आणि घुमणारा येईल, आणि लोक मग म्हणतात डबाच खराब निघाला.

अ‍ॅम्पवर ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल इनपुट असेल तर अ‍ॅम्पच्या आतच डॅक आहे, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं सर्किट. मग तुम्ही स्ट्रीमरमधून डिजिटल केबल काढून अ‍ॅम्पला देऊ शकता, आणि त्या वेळी स्ट्रीमरमधला डॅक बाजूलाच राहतो, कामालाच लागत नाही. म्हणजे अ‍ॅम्पमधला डॅक चांगला असेल तर भारी डॅकवाल्या स्ट्रीमरला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, ज्याला डिजिटल आउट आहे असा साधा डबा घ्या. वेगळा डॅक आधीच असेल तर तेच. तो डॅक फक्त यूएसबीनेच जोडायचा असेल तर मात्र स्ट्रीमरला यूएसबी ऑडिओ आउट आहे का ते बघा. यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे आउट असेलच असं नाही, कित्येकदा ते फक्त पेन ड्राइव्हसाठी किंवा सर्व्हिससाठी असतं.

ऑप्टिकल केबलवर साधारण २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त जाता येतं, त्यावर सगळी उपकरणं साथ देतात असं नाही. टीव्हीचा आवाजही याच अ‍ॅम्पमधून हवा असेल तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरने आत घेणारं सॉकेट) असलेला स्ट्रीमर मिळतो, एका डब्यात दोन कामं.

अ‍ॅम्पच नाही, पॉवर्ड स्पीकर (ज्यांच्या आतच अ‍ॅम्प असतो) आहेत किंवा नुसता पॉवर अ‍ॅम्प आहे, अशांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. स्ट्रीमरमध्ये आउटपुट फिक्स्ड की व्हेरिएबल अशी सेटिंग असते. फिक्स्ड म्हणजे डबा कायम पूर्ण ताकदीने सिग्नल देतो आणि आवाज कमी-जास्त करायचं काम पुढच्या अ‍ॅम्पचं. पुढे आवाजाचं बटणच नसेल आणि तुम्ही फिक्स्ड ठेवलंत तर पहिलं गाणं लागताक्षणी स्पीकर आणि कान दोन्ही कामातून जाऊ शकतात. अशा जोडणीत व्हेरिएबल ठेवा, आणि डब्यात कमाल आवाजाची मर्यादा घालता येत असेल तर तीही घाला.

पायरी ५: आकड्यांचा बाऊ करू नका

सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. यातून साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर साठवता येतो, माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत जातो आणि वय वाढेल तसा खाली उतरतो. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलच्या आसपास मिळतं, घरातल्या पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात त्यातलं खालचं टोक तसंही बुडून जातं. त्यामुळे सीडीच्या दर्जाचं लॉसलेस मिळालं की ऐकणाऱ्याचं पोट भरायला हरकत नाही. २४ बिट १९२ मिळतंय तर घ्या, आजकाल बहुतेक डबे देतातच, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

चिपच्या नावावर तर अजिबात भाळू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएम कंपनीचा चिपचा कारखाना आगीत गेला, डॅकच्या चिपांचा तुटवडा पडला आणि अनेक कंपन्यांना आपल्या उपकरणांत दुसऱ्या कंपनीच्या चिपा बसवून नवे डिझाइन काढावे लागले. मंडळींनी ती उपकरणं तेवढ्याच आवडीने ऐकली. आवाज ठरतो तो चिपच्या भोवतीच्या सर्किटाने, आणि त्याहून कितीतरी जास्त स्पीकरने आणि खोलीने.

स्टिकरचंही तसंच. एमक्यूए नावाचा फॉरमॅट काही वर्षं प्रत्येक महाग डब्यावर मिरवत होता, लोक त्यासाठी जुने डॅक विकून नवे घेत होते. २०२३ मध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत जाऊन विकली गेली आणि २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए काढून सरळ फ्लॅक लावलं. आज सेकंडहँड डब्याच्या जाहिरातीत कोणी एमक्यूए आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

पायरी ६: हा डबा किती वर्षं चालेल?

जाहिरातीत हे नसतं आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. तुमचा अ‍ॅम्प वीस-पंचवीस वर्षांचा असेल आणि मजेत चालत असेल, कारण त्याला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. स्ट्रीमरला लागते.

स्क्वीझबॉक्स या जुन्या स्ट्रीमरचं उदाहरण घ्या. लॉजिटेकने २०१२ मध्ये ते बंद केलं, म्हणजे डबे संपले असं वाटावं. पण त्याचा सर्व्हर ओपन सोर्स होता, वापरणाऱ्यांनीच तो पुढे चालवला, तोच आज लिरिऑन म्हणून ओळखला जातो, आणि ते जुने डबे अजून गातायत. आता दुसरी बाजू बघा. क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला, छोटी चकती, फार गुणी वस्तू, २०१९ मध्ये बंद झाला. मार्च २०२५ मध्ये त्याच्या आतलं एक सर्टिफिकेट कालबाह्य झालं आणि जगभरातल्या चालत्या चकत्या एकदम कास्ट घेईनाशा झाल्या. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून निभावलं, पण ज्यांनी घाईघाईने फॅक्टरी रिसेट मारला त्यांना परत सेटअप करताना घाम फुटला. म्हणून हेही लिहून ठेवा, स्ट्रीमर अचानक सगळ्यांचाच बंद पडला असेल तर रिसेट करू नका, आधी बातमी बघा.

आणि वायफाय स्पीकर बनवणारी सोनोस. मे २०२४ मध्ये त्यांनी नवं अ‍ॅप आणलं, त्यात अलार्म, स्लीप टाइमर अशा जुन्या सोयी सुरुवातीला गायब होत्या, स्पीकर तेच, आवाज तोच, पण घराघरांत लोक वैतागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. हार्डवेअरचा एक स्क्रूही न बदलता वस्तू बिघडली.

तर तपासायचं काय? कंपनीच्या साइटवर फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटच्या तारखा असतात, शेवटचं कधी आलं आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या मॉडेलला अजून येतंय का ते बघा. अ‍ॅपचे रिव्ह्यू वाचताना एकूण स्टार बघू नका, ताज्या तारखेचे लावा आणि त्यातल्या तक्रारी वाचा, जिथे पुन्हा पुन्हा डबा सापडत नाही असं लिहिलंय तिथून लांब राहा. कंपनीचं खातं उघडल्याशिवाय डबा चालूच होत नाही का, हेही विचारा. खात्याशिवाय, नुसत्या घरच्या नेटवर्कवर एअरप्ले किंवा यूपीएनपी घेणारा डबा कंपनी बुडाली तरी काहीतरी वाजवत राहतो.

यावरूनच खर्चाचंही ठरतं. स्ट्रीमर हा साखळीतला सगळ्यात लवकर म्हातारा होणारा भाग आहे, म्हणून अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यापेक्षा महाग स्ट्रीमर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. साधा, सुटा, बदलता येणारा डबा घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. अ‍ॅम्पमध्येच स्ट्रीमर असलेला एकच डबा दिसायला छान, वायरीही कमी, जागा नसेल तर जरूर घ्या, फक्त त्याला ऑप्टिकल किंवा ऑक्स इनपुट आहे ना बघा, म्हणजे आतला स्ट्रीमर गचकला तरी बाहेरून दुसरा जोडून अ‍ॅम्प वापरता येईल.

पायरी ७: घरचं वायफाय

गाणं तुटलं की लोक डब्याला शिव्या घालतात, दोष बहुतेक वेळा वायफायचा. आणि वेग कमी पडतो असंही नाही. ३२० केबीपीएसचं गाणं तासाला जेमतेम १४४ एमबी खातं, सीडी दर्जाचं फ्लॅक साडेतीनशे-चारशे एमबीच्या घरात, यापेक्षा व्हिडिओ कितीतरी जास्त खातो. अडचण असते ती सिग्नल मध्ये मध्ये गळण्याची. स्ट्रीमर आपण ठेवतो कुठे, तर टीव्हीच्या मागे, धातूच्या अ‍ॅम्पच्या पाठीला चिकटवून, कपाटाच्या आत. तो जरा बाहेर काढला, हातभर बाजूला सरकवला तरी पुष्कळदा काम होतं.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब जातं पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झ स्वच्छ पण भिंतीला दमतं. एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत राउटर असेल तर ५ वापरा. आणि लॅनची वायर ओढता येत असेल तर सरळ ओढा, विषय संपला. साधीच वायर. गाण्यासाठी म्हणून खास महाग लॅन केबल विकतात, त्याने आवाज गोड होतो म्हणतात, तिकडे ढुंकूनही बघू नका.

डबा चालू आहे, वायफायला जोडलाय, तरी फोनमध्ये दिसतच नाही, ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार. तीन गोष्टी बघा. फोन गेस्ट नेटवर्कवर आहे का, कारण गेस्टवरच्या उपकरणांना राउटर एकमेकांशी बोलू देत नाही. राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाची सेटिंग चालू आहे का, परिणाम तोच. आणि फोनवर व्हीपीएन चालू आहे का. यात नव्वद टक्के रडगाणं संपतं असा माझा आपला अंदाज.

पायरी ८: घरी आणल्यावर

अ‍ॅम्पचा आवाज तळाला, मग जोडणी, मग डबा चालू. अ‍ॅपमधून वायफायला जोडा आणि गाणं लावायच्या आधी फर्मवेअर अपडेट करून घ्या, खोक्यातून निघालेला डबा बहुतेक जुन्या सॉफ्टवेअरवर असतो.

पहिल्याच दिवशी एखादी लाइव्ह मैफल लावा, जिच्यात एका ट्रॅकमधून दुसऱ्यात टाळ्या तशाच चालू राहतात. ट्रॅक बदलताना मध्येच क्षणभर शांतता झाली तर डबा त्या मार्गाने गॅपलेस वाजवत नाही. हे कनेक्टवर ठीक आणि यूपीएनपीवर बिघडलेलं असंही असतं, म्हणून तुम्ही जे जे मार्ग वापरणार त्या सगळ्यांवर तपासा. ख्याल-मैफिली ऐकणाऱ्याला, रागाच्या मध्ये ट्रॅक तोडलेला असतो तिथे, ही टिचकी फार बोचते.

मग डबा रात्रभर स्टँडबायला सोडा आणि सकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून गाणं लावायला सांगा, तुम्ही काही न शिकवता. लगेच सापडला आणि लागला तर ठीक. कोणीतरी तुम्हाला हाक मारून विचारलं की हे कसं लावायचं, तर अडलं कुठे ते तिथेच उभं राहून बघा.

जुन्या डब्याशी किंवा सीडी प्लेयरशी आवाजाची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी कानाने नाही, फोनमधल्या डेसिबल मीटरच्या अ‍ॅपने सारखा करा. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. गाण्याच्या अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनही (सगळी गाणी सारख्या आवाजात आणणारी सोय) तेवढ्यापुरतं बंद ठेवा, आणि खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी सोय डब्यात असेल तर ती सगळ्यात शेवटी लावून बघा, कारण खर्ज घुमणाऱ्या खोलीत तिचा फरक कुठल्याही डॅकपेक्षा ठळक येतो.

ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर आहेच. त्यावर डॅकचं छोटं बोर्ड बसवा, मेमरी कार्डावर मूड (moOde) किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर टाका, तयार स्ट्रीमर, आणि सॉफ्टवेअर बदलता येतं म्हणून लवकर म्हाताराही होत नाही. मात्र गुगल कास्ट त्यात अधिकृतपणे मिळत नाही, म्हणजे यूट्यूब म्युझिकवाल्यांना त्याचा उपयोग नाही, आणि बिघडला तर दुरुस्त करणारे तुम्हीच.

डबा विकत घेतला असेल तर खोकं आणि थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका. गाणं तुटणं, डबा न सापडणं असल्या तक्रारी पहिल्या दोन-तीन दिवसांत नाही, घरातल्या सगळ्यांचे फोन आणि टीव्ही एकदम चालू असतात त्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी उघड्या पडतात, तेव्हा मुदतीत अशी एक तरी सुट्टी येईल असं बघूनच डबा मागवा.